पिठावरची फुली

त्या वक्ताला घरात कोन कोन व्हतं ते आधी सांगती, मंग पुढचं बोलू. मामंजी व्हते, म्हंजी माजे सासरे. सखाराम त्यांचं नाव. आत्याबाई व्हती, माजी सासू, राहीबाई. निम्म्या गावाची नाळ तिनंच कापलेली. थोरली जाऊ ठकूबाई व्हती आन् तिचा नामा, दुधाचं दात पडायच्या वयाचा. माजी गंगू व्हती, तवा नुकती भितीला धरून उभी ऱ्हायला लागलेली. आन् मी. थोरले दीर आन् आमचं मालक मेंढरं घिऊन खाली कोकनात उतरलेले, म्हून ते ह्यात न्हाईत. मालकाचं नाव मी घेनार न्हाई. नात म्हंती, आजी आता तरी घे, पन जिभंला वळन न्हाई. बाहेरची मानसं दोनच. भितीपलीकडच्या खोपटातली मथाबाई आन् धोंडू देवऋषी. ह्यातली आज मी हाय आन् गंगू हाय, आन् गंगूला त्यातलं काय आठवनार? म्हून मी सांगती आन् माजी नात सुलभा लिवती. मला अक्षरं येत्यात, लहानपनी शिकले व्हते, पन आता हात थरथरतो.

घर वारूळवाडीला, नारानगावला खेटून. फुडं मेंढरांचा वाडा, काट्यांचं कुपान घातलेला, मधी आंगन, मंग दोन खण घर, आन् उजव्या अंगाला एक आंधारी खोली, तिला लोकरीची खोली म्हनायचे. कातरलेली लोकर तितं छतापतुर रचलेली आसायची. पडवीत माग व्हता, जमिनीत खड्डा करून बसवलेला. मामंजी त्या खड्ड्यात पाय सोडून घोंगडी विनायचे. दिसभर त्या मागाचा ठक् ठक् आवाज, वरून आमच्या चरख्याची घरघर, आन् कुटंतरी कोकरू वरडतंय. चिंचोके रातभर भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करायची आन् घोंगडीला लावायची, म्हंजी घोंगडी ताठ ऱ्हाती, पानी धरत न्हाई. त्या खळीचा वास अंगाला, केसाला, निजायच्या वाकळंला समद्याला बसायचा. आजबी कुटं चिंच फोडली की मला त्यो माग ऐकू येतो. जेवनात बाजरीची भाकर आन् हुलग्याचं माडगं. कांदा मिळाला तर त्यो सण.

मी त्या घरात कशी आले ते थोडं सांगायला पायजे. माजं लगीन लागलं तवा मी आईच्या कडंवर व्हते, बाशिंग माज्या डोक्यापेक्षा मोठं व्हतं म्हंत्यात. लगीन लावून पोरगी माहेरीच ठिवायची, मोठी झाली की न्यायची, अशी रीत. मधी दुकाळ पडला. बापाची मेंढरं रस्त्यानं मरत गेली, शेवटचा एडका जुन्नरच्या येशीत मेला. मिशनच्या आवारात कांजी वाटत व्हते तितं आमी बसलो, मंग बापाला तितल्याच हिरीवर काम लागलं, मंग तितंच ऱ्हायलो, आन् एका सकाळी आमा समद्यांच्या डोक्यावर पानी पडलं. मला तितं नाव दिलं शांती. सासरचं नाव सगुना. दोन नावांत मी वाढले.

बापानं धर्म बदलला, पन शब्द बदलला न्हाई. मी मोठी झाल्यावर सासरची मानसं आली तवा त्यो म्हनला, "पोरगी दिली ती दिली." मिशनच्या बाईनं लई समजावलं, आईनं जेवन सोडलं, पन त्यो हालला न्हाई. इकडं जातीचं पंच बसलं. ते म्हनले, पोर आपल्यात दिलेली हाय, ती आपली हाय, पन तिकडचं अन्न खाऊन बाटली, शुद्ध करून घ्यावी लागंल. तीन अटी घातल्या. त्या देवाचं नाव तोंडात न्हाई. जुन्नरला पाऊल न्हाई. आन् चुलीला शिवायचं न्हाई, मरंपतुर. ह्यातली एक जरी मोडली तर हिला होनारी पोरं घरची आन् ही बाहेर. मंग सोन्याचा मनी इस्तवावर तापवून माज्या जिभंला लावला. आत्याबाईनं माजं मुंडकं दोन गुडघ्यांत धरलं व्हतं. मी वरडले का न्हाई ते मला आठवत न्हाई. लोकरीचा वास तेवढा आठवतो, तिच्या लुगड्याचा.

त्याच्या आधी, जुन्नर सोडायच्या दिशी पहाटे, आई आन् मी जात्यावर बसलो व्हतो. आईनं दळान थांबवलं आन् मला म्हनली, "शांते, तितं तुला आपलं देऊळ न्हाई, गाणं न्हाई, पुस्तक न्हाई. तोंड बी तुजं ऱ्हानार न्हाई."

मी म्हनले, "मंग काय ऱ्हाईल?"

"हात ऱ्हातील की. हातानं कर जे करायचं ते."

आमच्या जुन्नरच्या घरी रीत व्हती. दळान झालं की आई पयली मूठ येगळी काढायची, एका बोळक्यात टाकायची, वरून बोटानं पीठ सारखं करून त्याच्यावर उभी-आडवी रेघ वढायची. ती मूठ उपाशी मानसाची. रेघ वढली की ते पीठ आपलं न्हाई. घरात काय बी नसलं, आमी उपाशी निजलो, तरी त्या बोळक्याला हात लावायचा न्हाई. एकदा लहानपनी मी त्यातलं चिमूटभर खाल्लं व्हतं, तर आईनं मारलं न्हाई, नुसती म्हनली, "कुनाच्या तरी तोंडातलं काढलंस बघ." मारलं असतं तर बरं झालं असतं. दुसरी रीत, भाकर मोडायच्या आधी मान खाली घालून त्याचं नाव घ्यायचं, ज्यानं दिली त्याचं, आन् मंग घरातल्या एकेका मानसाचं. एवढंच. आई म्हनली, ह्या दोन गोष्टी कर, तितं कुनाला कळनार न्हाई. आईला काय ठावं, दुसऱ्याच्या घरात काय बी लपून ऱ्हात न्हाई ते.

आता चुलीचं सांगती, कारन आताच्या पोरींना ते समजत न्हाई. कोरड्याला विटाळ न्हाई आन् शिजलेल्याला विटाळ, असा त्यांचा नेम व्हता. म्हून जातं माजं आन् चूल त्यांची. समद्या घराचं दळान मी दळायची, पीठ माज्या हातचं चालायचं, पन त्या पिठात पानी पडलं की मी लांब. भाकर झाली की ठकूबाई वरूनच माज्या हातात टाकायची, गरम आसली तर गरम. मी पडवीच्या कोपऱ्यात, मागाच्या खड्ड्यापाशी, भितीकडं तोंड करून खायची. ते एका परीनं बरंच झालं. भितीकडं तोंड आसलं की वठ हाललेले कुनाला दिसत न्हाईत. ठकूबाई मला "जुन्नरची मडमीन" म्हनायची. "ए मडमिनी, शेन काढ." "मडमिनीला आज भूक न्हाई वाटतं, लई सावकास खाती." मी हसायची. न हसून काय करनार? गंगू झाली तवा आत्याबाईनं तिला अंगावर घेतलं, न्हानं घातलं, पन मला काय वेगळं म्हनली न्हाई. पोर त्यांची व्हती. मी तिला दूध पाजनारी.

रविवार मी नारानगावच्या बाजारावरनं वळखायची, बाजाराचा दुसरा दिस म्हंजी रविवार. त्या दिशी मी लुगडं धुवायची आन् वलंच नेसायची, कारन दुसरं पार फाटलेलं व्हतं. सांच्यापतुर ते अंगावर वाळायचं. आत्याबाई म्हनायची, "ह्या पोरीला काय खूळ हाय, बाजार झाला की हिला पान्याचा सोस." चढावर शेनाच्या गवऱ्या थापायला गेलं की लांब शिवनेरीचं टोक दिसायचं. त्याच्या पायथ्याशी माजी आई. सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचावं एवढंच अंतर. आता एस्टीनं चहा पिऊन निघालं तर तोंडातली चव जायच्या आत जुन्नर येतं, आन् मला ते दर येळंला कसंतरीच वाटतं, एवढ्या जवळचं एवढं लांब कसं व्हतं म्हून.

दळानाची पयली मूठ मी माज्या वाटनीतली काढायची. आता वाटनी कोन मोजून देत न्हवतं, पन मी सांगायची, आज मला अर्धीच भाकर टाका. मूठ एका बोळक्यात, वर रेघा, तोंडाला चिंधीची गाठ, आन् ते उतरंडीच्या खालच्या मडक्यामागं ठिवायचं. दोन-चार मुठी साठल्या की शेन टाकायला जाताना पदराखाली घ्यायचं आन् मथाबाईच्या खोपटापाशी तिचं फुटकं गाडगं पालथं आसायचं, त्याच्याखालच्या खापरात वतायचं. मथाबाई भावकीतलीच. तिची दोन पोरं मेंढरं घिऊन कोकनात गेली ती फिरून आलीच न्हाईत. तवापासनं गाव म्हनायचं, म्हातारीची नजर वाईट हाय, सवताची पोरं खाल्ली. तिला कोन आंगनात घेत न्हवतं, हिरीवर समद्यांच्या मागनं पानी. मी आन् ती कधी बोललो न्हाई. एकदाच, मी पीठ वतत व्हते तवा खोपटातनं आवाज आला, "आगं, कवातरी मीठ बी आनत जा की." मला एवढं हसू आलं की शेनाची पाटी पडता पडता वाचली.

आन् मंग नामाला ताप भरला. दिवाळी हून गेलेली, गडी मानसं खाली उतरलेली. पोरगं निपचित पडलं, डोळं वर करायचं, अंगाला हात लावला तर चटका. आत्याबाईनं पाला वाटून लावला, काढा पाजला, कायबी गुन न्हाई. ठकूबाई ना जेवायची ना निजायची, तिची मला लई कीव यायची, पन मी जवळ गेलं की ती पोराला पदराखाली झाकायची. शेवटी धोंडू देवऋषीला बोलावलं. त्यो आला, अंगारा लावला, घुमला, आन् म्हनला, "ह्या घरात कायतरी बांधून ठिवलंय. गाठ मारलेली हाय. काढा ती, न्हाईतर पोर जातंय."

समदं घर उलटंपालटं केलं. आढ्याचं शिंकं उतरवलं, मागाचा खड्डा चाचपला, लोकर उपसली. मी गंगूला घिऊन दारात उभी. मला उतरंडीकडं बगायचं न्हवतं आन् डोळं तिकडंच जात व्हते. ठकूबाईनं वरची मडकी उतरवली, खालचं बाजूला सारलं, आन् बोळकं वर धरलं. चिंधी सोडली. आत पीठ, आन् पिठावर फुली.

आमच्याकडं करनी करायची तर पिठाचं बाहुलं करत्यात, त्याला टाचन्या टोचत्यात. आन् हे पीठ, लपवलेलं, गाठ मारलेलं, वर फुलीची निशानी केलेली. कुनाला बी तेच वाटलं आसतं. ठकूबाईनं बोळकं खाली ठिवलं आन् माज्याकडं आली. तिनं मला मारलं न्हाई. गंगूला माज्या हातातनं काढून घेतलं आन् म्हनली, "माजं पोर खातीस व्हय गं? आता तुजं बगू." मामंजींनी मला लोकरीच्या खोलीत ढकललं आन् बाहेरनं कडी घातली.

त्या खोलीला खिडकी न्हवती. दाराच्या फटीतनं एक उजेडाची रेघ यायची, ती लोकरीवर सरकत सरकत जायची, तेवढ्यानं दिस कळायचा. लोकर नाकातोंडात जायची. पानी न्हाई, भाकर न्हाई. पन ते मला सोसवत व्हतं, दुकाळात बघितलेलं व्हतं. सोसवत न्हवतं ते गंगूचं रडनं. ती दाराशी रांगत यायची, दारावर तळहात मारायची, "आ, आ" करायची, आन् कोनतरी तिला उचलून न्यायचं. माजं दूध वाहून लुगडं भिजायचं. मी लोकरीत तोंड खुपसून बसले. इचार करायला येळ लई व्हता. खरं सांगावं, की ही आईची रीत हाय, त्याच्या नावानं काढलेली मूठ, तर अट मोडली, मी बाहेर आन् गंगू आत. सांगावं, की पीठ मथाबाईचं, तर लोक म्हनतील ह्या दोघींनी मिळून केलं, आन् म्हातारीला दगडं घालतील, तिला पळता बी यायचं न्हाई. कायबी सांगू नये, तर मी चेटकीन. तिन्ही वाटा मी फिरून फिरून चालून आले, आन् दर येळंला परत त्या लोकरीतच. नात इचारती, आजी तवा तू देवाला काय मागितलंस? कायबी न्हाई मागितलं बाई. मला सुचलंच न्हाई. मी घरातल्यांची नावं घेत ऱ्हायले, सवयीनं, नामाचं दोनदा.

दुसऱ्या दिशी दुपार कलताना कडी निघाली. आंगनात समदी बसलेली. मामंजी घोंगडीवर, आत्याबाई मांडीवर गंगूला घिऊन, ठकूबाई नामाला कुशीत घिऊन, आन् धोंडू मधी, फुडं लिंबं मांडून. उजेडानं माजं डोळं मिटत व्हते. गंगूनं मला बगितलं आन् दोन्ही हात फुडं केले. आत्याबाईनं तिला धरून ठिवलं.

धोंडू म्हनला, "हिच्याच हातानं ह्या पिठाची भाकर करायची. आन् हिनं समद्यांफुडं खायाची. करनी नसंल तर पचंल. आसंल तर हिच्यावरच उलटंल."

मामंजी म्हनले, "चुलीला कशी शिवंल ती?"

"आंगनात तीन धोंडं मांडा की, काका. घरातली चूल कशाला बाटवता?"

धोंडं मांडले, गवऱ्या पेटवल्या. त्या घरात आल्यापासनं मी पयल्यांदा पीठ मळत व्हते. भाकर थापली, ती फुगली बी. तव्यावरनं काढून थाळीत ठिवली. एवढी भूक, एवढा वास, आन् पोर समोर. मी भाकर मोडली, आन् काय इचार न करता मान खाली गेली. मी खरंच इचार केला न्हवता. हात भाकरीला लागला की मान खाली, हे इतक्या वरसांचं वळन.

"बगा बगा, मंतर म्हंती!" ठकूबाई वरडली. "वठ बगा हिचं!"

मामंजी म्हनले, "काय म्हनलीस? खरं बोल."

खोटं बोलायला बी ताकद लागती. ती माज्याजवळ ऱ्हायली न्हवती. मी म्हनले, "खायाच्या आधी नाव घेतलं."

"कुनाचं?"

"येशूचं."

त्या आंगनात ते नाव पयल्यांदा निघालं. मामंजी घोंगडीवरनं उठले. सावकास म्हनले, "झालं तर. पंचांनी काय सांगितलं व्हतं तुला? आता चालती हो. पोर हितं ऱ्हाईल."

"थांबा," आत्याबाई म्हनली. ती माज्याकडंच बगत व्हती. "एवढ्याशा नावाला एवढा येळ लागत न्हाई. वठ लई येळ हालत व्हते. आनखी काय म्हनलीस?"

"घरातल्यांची नावं घेती. ज्यांची भाकर खाती त्यांची."

"माजं बी?"

"पयलं तुमचंच, आत्याबाई."

"आन् ह्ये कवा कवा घेतीस?"

"जवा जवा खाती तवा."

गंगू आत्याबाईच्या बांगड्या वढत व्हती. मंग तिनं इचारलं, "जिभंला डाग दिला त्या दिशी? तुजं मुंडकं मी धरलं व्हतं."

"त्या दिशी जीभ हालत न्हवती. मनात घेतलं."

धोंडूला ते आवडलं न्हाई. त्यो म्हनला, "राहीकाकू, बोलन्यात गुंतू नगासा. भाकर समोर पडलीया, दोन दिसाची उपाशी हाय, मंग खात का न्हाई? इचारा की!"

खरं व्हतं त्याचं. मी घास तोंडापाशी नेला व्हता आन् थांबले व्हते. मी म्हनले, "दुसऱ्या पिठाची द्या, खाती. ह्ये पीठ माजं न्हाई. देऊन झालेलं हाय."

"कुनाला दिलंय?"

मी घास परत थाळीत ठिवला. भितीपलीकडं मथाबाईचं खोपट. तिची खोकल्याची उबळ आली आन् मधीच दाबल्यावानी थांबली. आत्याबाईनं माज्या तोंडाकडं बगितलं, मंग भितीकडं बगितलं. गंगूला तिनं खाली मातीत बसवलं, उठली, माज्यासमोर येऊन फतकल मारून बसली आन् थाळीतली अर्धी भाकर उचलली.

मामंजी वरडले, "अगं ए! बाटशील!"

तिनं घास तोंडात घातला. दात थोडेच, म्हून लई येळ चावत बसली. कोरडी भाकर, संगं कांदा बी न्हाई. गिळल्यावर म्हनली, "जाड दळलंय." मंग धोंडूकडं वळली. "खाल्ली मी. आता माज्यावर काय उलटतंय ते बगत बस हितंच."

"काकू, गाव काय म्हनंल?"

"गावाला तू सांगशील तवा गाव म्हनंल. सांग जा, राही बाटली. पन तुज्या सुनंचं दिस भरल्यात, तिला दुसरी सुईन बग आधी. तुजी नाळ मी कापली रं, धोंड्या. तवा बी तू असाच उगं कोकलत व्हतास."

त्यानं लिंबं गोळा केली आन् गेला. ठकूबाई रडत व्हती, आता मोठ्यानं. मामंजी आत्याबाईला म्हनले, "आगं, तुला कळतंय का काय केलंस ते?"

"कळतंय. हिला घालवायची तर मला बी घालवा, मी बी बाटलेली. तुमी मला जलमभर अगं म्हनलात. वरच्याफुडं माजं नाव घिऊन बोलनारं ह्या घरात दुसरं कोन हाय?"

मामंजी खाली बसले. मंग म्हनले, "भितीच्या आत काय करायचं ते करा. बाहेर शब्द जाऊ द्यायचा न्हाई. आन् जुन्नरला पाऊल न्हाई. त्यात बदल न्हाई."

मला वाटलं आत्याबाई माज्या बाजूनं कायतरी म्हनंल. ती म्हनली, "न्हाई. जुन्नरला न्हाई." आन् उरलेली अर्धी भाकर तशीच थाळीत घिऊन आत गेली. गंगू रांगत माज्यापाशी आली, आन् मी तिला तितंच धोंड्यांपाशी बसून पाजलं.

नामा पुढं उठला. कशानं उठला ते मला ठावं न्हाई, आत्याबाईचा काढा, का ताप आपसूक उतरला. एका कानानं मातर कायमचा बहिरा झाला, आन् ठकूबाईनं शेवटपतुर माज्या हातचं कायबी खाल्लं न्हाई. मी तिला नावं ठिवत न्हाई. पोर कुशीत तापलेलं आसलं की मानूस कुनावर बी जातं. मथाबाई त्या दिशी खोपटातनं बाहेर आली न्हाई. सुलभा लिवता लिवता थांबून चिडून इचारती, म्हातारी बोलली का न्हाई, एवढं खाल्लं तिनं? बोलली आसती तर तिचा जीव गेला आसता. ती बोलली न्हाई तेच बराबर झालं.

मालक माघारी आले तवा त्यांनी इचारलं, "मागं काय झालं व्हतं म्हनं?" मी म्हनले, "काय न्हाई." त्यांनी परत इचारलं न्हाई. त्यांना कळलं व्हतं का काय, देव जाने. कोकनातनं त्यांनी माज्यासाठी नारळ आनला व्हता, त्यो तेवढा समद्यांच्या देखत माज्या हातात दिला.

आत्याबाईत तरी काय एवढा बदल झाला न्हाई. बोलनं तसंच, शिव्या तशाच. चुलीला मी शिवलेच न्हाई, ती गेली तंवर. पन थोड्या दिसांनी, मी पहाटे दळायला बसले व्हते, ती मागनं आली आन् जात्याचा खुंटा हलवून बगितला. म्हनली, "जात्याचं वरचं पाळं उचललंय का गं? बारीक दळ जरा. मथीला दात न्हाईत." आन् गेली बाहेर. बोळकं मी तितंच ठिवत गेले, उतरंडीच्या मागं, आन् त्याच्यात कवातरी मिठाचा खडा पडलेला सापडायचा. मी टाकलेला नसायचा.

येशूचं देऊळ, गाणं हे मला लई उशिरा मिळालं, मालक गेल्यावर, माजंच डोकं पांढरं झाल्यावर. तितं साहेब मानसं लई चांगलं बोलत्यात. मी मागच्या बाजूला बसती. मला त्यातलं समदं समजत न्हाई, पन भाकर मोडली की मान खाली जाती, तेवढं समजतं.

आता शेवटचं, आत्याबाई हयात आसतानाचं. आमच्याकडं घोंगड्या न्यायला नारानगावचा मारवाडी शेट यायचा, जुन्नरला बी त्याचं जानं-येनं. लई भला मानूस, आमच्यावानीच बोलायचा. एका दुपारी मी आंगनात घोंगडीला खळ लावत व्हते, त्यो आला, पगडी काढली आन् म्हनला, "पोरी, तुज्या आईला जाऊन आज पंधरवडा झाला. मला कालच कळलं." मी खळ लावायची थांबले न्हाई. घोंगडी अर्धी वली सोडली तर ती वाकडी ताठती, मंग ती कुनी घेत न्हाई. लावत ऱ्हायले. आत्याबाई उठली, माज्या हातातला कुंचला काढून घेतला आन् म्हनली, "आत जा घटकाभर. मी लावती." तिला तेवढंच करता आलं. मी लोकरीच्या खोलीत गेले आन् आतनं दार लावून घेतलं. आई शिवनेरीखाली बसून माज्या वाटंकडं बगत व्हती आन् मी चढावरनं शिवनेरीकडं, एवढी वरसं, आन् मधी फकस्त एका सकाळची वाट. तिचं तोंड मला आता नीट आठवत बी न्हाई. हात आठवत्यात.

ज्यानं कुनी ह्ये वाचलं, त्यानं माजं एवढं ऐकावं. तुमच्या घरात सून आसंल, आन् ती म्हनली मी माहेराला जाऊन येती, तर का म्हून इचारू नगा. जाऊ द्या तिला.